तंबूतलं बोलणं

“वाच की पुढं. थांबलीस का?” मावशीने कांदा चिरता चिरता विचारले.

तिची लेक टेबलाशी पुस्तक उघडून बसली होती. परीक्षा तोंडावर आली की ती मोठ्याने वाचायची आणि आईने ऐकावे असा तिचा हट्ट असायचा. कविता असो, नाटक असो, मावशी कान देई. अर्धे डोक्यावरून जाई, पण पोरीचा आवाज घरभर फिरतो आहे एवढ्यानेच तिला बरे वाटे. आजची कादंबरी मात्र लेक कडू औषध घोटल्यासारखी वाचत होती.

“पुढं घाणेरडं आहे,” लेक म्हणाली.

“घाणेरडं म्हणजे? कॉलेजात लावलंय ना?”

“म्हणून तर.” लेकीने पान सरळ केले आणि सपाट आवाजात सुरुवात केली. “‘ती काळी होती. तव्याच्या पाठीसारखी, जळून विझलेल्या रानासारखी काळी. गाळात उभी असताना गाळ कुठे संपतो आणि ती कुठे सुरू होते, ते कळत नव्हते. खाली म्हातारी हाका मारत होती. ती ऐकत होती. तिच्या डोळ्यांत जनावराची तृप्ती होती. हाका थांबल्या आणि तिला भूक लागली. आदिम, निर्लज्ज भूक. तिने पाव उचलला, त्यावर साखर ओतली आणि ओरबाडून खाल्ला.’”

सुरी थांबली. लेकही थांबली. तिने पुन्हा एकदा तीच ओळ मनात वाचली असावी, कारण मान वर केली तेव्हा तिचा चेहरा बदललेला होता.

“आई, पावावर साखर घालून तू मला दिला होतास. त्या दिवशी, जिन्यात बसून. अर्धा तुला, अर्धा मला.”

मावशीने कांदा तसाच टाकला, मोरीपाशी गेली आणि दुपारचे सगळे जेवण ओकून टाकले.

ओकारी येणारी बाई नव्हती ती. मोठ्या दवाखान्याच्या धुलाईखात्यात ती कामाला होती, आणि वयाने मोठे-लहान सगळे तिथे तिला मावशीच म्हणत. वॉर्डांतून गाठोडी येत: रक्ताने कडक झालेल्या चादरी, पुवाचे डाग पडलेले अभ्रे, आजाऱ्याच्या अंगाखालून ओढून काढलेली मेणकापडे. नवीन आलेल्या मुली नाकाला रुमाल बांधत. मावशी उघड्या हातांनी गाठोडे सोडी, कुठले गार पाण्यात टाकायचे, कुठले उकळत्या, हे नजरेनेच ठरवी. माणसाच्या शरीरातून जे बाहेर येते त्याची किळस कसली, असे ती म्हणे. आणि आज एका छापील पानाने तिला ओकायला लावले होते.

लेकीने पाण्याचा तांब्या पुढे केला. मावशीने चूळ भरली. मग ओल्या हातांनीच पुस्तक उचलून मागची बाजू पाहिली. लेखिकेचा फोटो होता. केस पांढरे झाले होते, चष्मा नवा होता, पण हसताना मान एका बाजूला कलती करायची लकब तीच.

“ओळखतेस?” लेकीने विचारले.

“तंबूतल्या बाई,” मावशी म्हणाली.

लेक तेव्हा लहान होती, शाळेत नुकती रुळलेली. त्यांची चाळ टेकडीच्या पायथ्याशी होती आणि टेकडीवर कारखान्याने आपले सांडपाणी साठवायला मातीचा बांध घालून तळे केले होते. बांध झिरपतो आहे हे चाळीतल्या पोरांनासुद्धा ठाऊक होते. एका सकाळी तो फुटला. पाणी आले असते तर निदान वाहून गेले असते. आला तो राखाडी गाळ, रंगाच्या डब्यात तळाशी साचतो तसा दाट, आणि त्याला सडक्या अंड्यांचा वास होता. तो धावत आला नाही. उंबऱ्यावरून सावकाश आत शिरला आणि मग कुणाला काही सुचायच्या आत कमरेपर्यंत चढला.

नवरा बसडेपोत फिटर होता. तो कामावर गेलेला. घरात मावशी, लेक आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई.

सासूबाईंनी या सुनेला कधी घरची मानलेच नव्हते. मावशीचे लोक डोंगरापलीकडून खाणीत कामाला आलेले, वर्णाने काळे. त्यांना सगळे ‘पलीकडचे’ म्हणत, आणि म्हणताना नाकाला किंचित मुरड पडे. मुलाने पलीकडची बायको केली तेव्हा सासूबाईंनी चार माणसांत सांगितले होते, “दिवा लावल्याशिवाय सून दिसायची नाही आता.” सुनेचे नाव त्यांच्या तोंडून कधी आले नाही. कोळशे म्हणत. कोळशे, पाणी दे. कोळशे, पाय चेप. नात जन्मली तेव्हा तिला उजेडात धरून बघितले आणि परत दिली. पुढे कमरेखालचे अंग गेले, तरी अंग पुसून घेताना त्या म्हणायच्या, “हात धुतलेस का? तुझं काही कळत नाही बाई, धुतलेत की नाही ते.”

गाळ आला तेव्हा मावशीने लेकीला खांद्यावर टाकले आणि वरच्या मजल्याच्या जिन्यात नेऊन बसवले. मग ती परत उतरली. तीन-चार पायऱ्या उतरली. खोलीचे दार गाळाने अर्धे लोटलेले होते आणि आतून आवाज येत होता. “कोळशे, ए कोळशे, उचल मला.”

मावशी त्या पायरीवर उभी राहिली.

उतरून दार ढकलता आले असते का? ढकलल्यावर त्या जड शरीराला उचलून वर आणता आले असते का? कदाचित नसते आले. पण तिने ढकलून पाहिले नाही, एवढे खरे. ती उभी राहिली. मागे लेक रडत होती, खाली हाका चालू होत्या. मग हाका थांबल्या. आणि तेव्हा छातीवरून कुणीतरी पाटा उचलून घ्यावा तसे तिला हलके वाटले. पाठोपाठ सणकून भूक लागली, कारण सकाळपासून सासूबाईंचे आवरण्यात तिच्या पोटात काही गेलेच नव्हते. वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाचे दार उघडेच होते, माणसे गच्चीवर पळाली होती. टेबलावर पाव होता, साखरेचा डबा होता.

नंतर सगळ्यांनी तिचे तोंड भरून कौतुक केले. एवढ्या गाळातून पोरीला वाचवले. नवरा तिच्या खांद्यावर डोके ठेवून ओक्साबोक्शी रडला. म्हणाला, “आईचं काय, ती सुटली. तू होतीस म्हणून पोर वाचली.” मावशीने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्या दिवसापासून तिच्या पोटात अन्न राहीना.

शाळेच्या मैदानात तंबू ठोकून लोकांची सोय केली होती. आधी पांघरुणे आली, मग औषधे, आणि मग मनाचे डॉक्टर आले. मनाचे म्हणजे काय, तर एका गटाने पोरांना रंगीत खडू दिले आणि गाळाचे चित्र काढायला लावले. पोरांनी फुले काढली तर म्हणाले, नाही नाही, जे पाहिलंत ते काढा. दुसऱ्या गटाने बायकांना गोल बसवून फुगे वाटले. आपला राग फुग्यात भरा आणि फोडा. ज्या बाईची दोन्ही मुले गेली होती ती फुगा हातात धरून बघत राहिली. एकाने तिचा फुग्यासकट फोटो काढला. मावशी हे सगळे पाहायची आणि तिच्या घशाशी यायचे, पण तिला तेव्हा अन्नाचा घास पाहूनही घशाशीच यायचे, त्यामुळे कुठली शिसारी कशाने आली हे तिचे तिलाही कळत नव्हते.

त्यांत एक बाई वेगळ्या होत्या. फुगे नाहीत, खडू नाहीत. त्या आपल्या तंबूत खुर्ची टाकून बसत, आणि कुणी आले की नुसत्या ऐकत. सुकत चाललेल्या मावशीला नवऱ्याने हाताला धरून तिथे नेले आणि तो बाहेर थांबला. बाईंनी तंबूचा पडदा नीट ओढून घेतला. म्हणाल्या, “इथलं इथंच राहील. या कापडाबाहेर एक शब्द जाणार नाही.”

पहिल्या खेपेला मावशी गप्प बसून परत आली. दुसऱ्याही. मग एकदा तिने सगळे सांगून टाकले. पायरी, हाका, हलके वाटणे, पाव, साखर. सांगताना तिने बाईंच्या तोंडाकडे पाहिले नाही. सांगून झाल्यावर बाईंनी तिचा हात आपल्या हातात घेतला, तो काळा, भेगाळलेला हात, आणि म्हणाल्या, “हलकं वाटणं म्हणजे मारणं नव्हे. लक्षात ठेव.”

त्या संध्याकाळी मावशीने वाटीभर पेज पोटात ठेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. महिन्याभरात ती माणसात आली. बाई निघून गेल्या, पण मावशी त्यांना कधी विसरली नाही. कुणी डॉक्टरांना, शिकलेल्यांना नावे ठेवली की ती म्हणायची, सगळे सारखे नसतात, एक बाई मला भेटल्या होत्या.

आता त्याच बाई तिच्या स्वयंपाकघरात, टेबलावर, हसत मान कलती करून पडल्या होत्या. मुखपृष्ठावर एका काळ्या बाईची उघडी पाठ होती. तोंड काढलेलेच नव्हते.

“खरं आहे का हे?” लेकीने विचारले. आवाज हळू होता, पण सोडणारा नव्हता.

मावशीने खुर्ची ओढली आणि लेकीला सांगितले, तंबूत सांगितले होते तसेच. कमी नाही, जास्त नाही. लेक ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, “म्हणजे आजी हाका मारत होती ते मीपण ऐकलं असणार.”

“तू रडत होतीस.”

“मला आठवत नाही. पाव आठवतो. गोड लागला होता.” मग तिने पुस्तक पालथे घातले. “वर्गात सर हा उतारा वाचतात ना, तेव्हा सगळी पोरं वळून माझ्याकडे बघतात, मग मला पुढचं ऐकूच येत नाही. सर म्हणाले, काळा रंग हे दडपलेल्या वासनेचं प्रतीक आहे. मग मला म्हणाले, तू पलीकडची ना, तू सांग, तुला हे आतून कसं जाणवतं.”

“मग काय सांगितलंस?”

“बाथरूमला जाऊन आले.”

मावशीला लेकीच्या गालावरून हात फिरवावासा वाटला, पण हाताला ओकारीचा वास येत होता. तिने तो साबणाने धुतला, कोपरापर्यंत धुतला, पुन्हा धुतला.

“त्या बाई येणार आहेत कॉलेजात,” लेक मागून म्हणाली. “व्याख्यानाला. मी उभी राहून विचारणार आहे.”

“विचार. पण आधी तुझ्या बाबांना कळलं पाहिजे. माझ्याकडून.”

रविवारी सकाळी नवरा दाराशी बसून कामाच्या बुटांना पॉलिश करत होता. सासूबाईंचा फोटो त्याच्या डोक्यावर भिंतीला होता. कामावर जाताना तो त्याकडे एकदा बघून जाई. मावशी त्याच्यासमोर जमिनीवर बसली.

“अहो, एक सांगायचंय. मध्ये बोलू नका.”

तो मध्ये बोलला नाही. एका बुटावर ब्रश फिरत होता तो हळूहळू थांबला. तिचे सांगून झाले तरी तो बुटाकडेच बघत होता.

“काय म्हणत होती ती?” त्याने विचारले.

“कोळशे, उचल मला.”

“तेव्हाही तेच म्हणाली?”

“तेव्हाही.”

रस्त्यावरून कुणीतरी हातगाडी ढकलत गेले. तिचा खडखडाट पार कोपऱ्यापर्यंत ऐकू आला.

“मी असतो तर उतरलो असतो,” तो म्हणाला.

“हो. तुम्ही उतरला असता.”

“माझ्या आधी तू त्या परक्या बाईला सांगितलंस. मी बाहेर उभा होतो. तू रडत बाहेर आलीस तेव्हा मी तिला हात जोडले, बाई तुमचे उपकार झाले म्हणून.”

त्याने एक चकचकीत आणि एक मळका बूट पायात घातला आणि तो निघून गेला. दिवेलागणीला परत आला, जेवला, ताट उचलून ठेवले. पुढे बरेच दिवस तो कामापुरतेच बोलला. मीठ दे, किल्ली कुठे आहे, उद्या लवकर जायचंय. मग एक दिवस मावशी कामावरून आली तेव्हा भिंतीवरचा फोटो नव्हता. त्याने तो आपल्या कपाटात, कपड्यांच्या खाली ठेवला होता. आईला सुनेपासून लांब ठेवावे म्हणून, की बायकोला आईपासून, हे त्याने सांगितले नाही आणि तिने विचारले नाही. भिंतीवर फोटोएवढा चौकोन उजळ राहिला.

व्याख्यानाच्या दिवशी मावशीने अर्धी रजा टाकली आणि लेकीबरोबर शेवटच्या रांगेत बसली. फलकावर लिहिले होते: ‘आपत्ती, मन आणि साहित्यातली काळी स्त्री’. लेखिकाबाई आल्या त्या मातकट रंगाचे कपडे घालून, आणि गळ्यात पलीकडच्या बायका घालतात तसले जाड मणी घालून. मावशीच्या आईकडे तसले मणी होते. या बाजूला राहायला आल्यावर, लोक हसतात म्हणून तिने ते काढून ठेवले ते पुन्हा घातलेच नाहीत.

बाई चांगल्या बोलल्या, हे कबूल करायला हवे. आवाज तोच, ओलसर, मायेचा. म्हणाल्या, आपत्ती आली की आपण भिंती बांधून देतो, मनाकडे कुणी बघत नाही. मावशीने नकळत मान हलवली, कारण ते खरे होते. मग बाई म्हणाल्या, “या स्त्रियांकडे दुःखासाठी शब्द नसतात. त्यांचं दुःख देहात असतं, मातीत असतं. मी फक्त त्यांना माझे शब्द दिले.” आणि त्यांनी तो उतारा वाचला. ‘ओरबाडून खाल्ला’ इथे त्यांनी आवाज खाली नेला आणि क्षणभर डोळे मिटले. सभागृहात टाळ्या पडल्या.

मावशीच्या तोंडात पाणी सुटू लागले, ओकारीआधी सुटते तसे. तिने पदर तोंडाशी धरला. सासूबाई तिला आठवल्या. त्यांनी आयुष्यभर काळी म्हणून हिणवले, पण तोंडावर हिणवले, त्याला कुणी टाळ्या दिल्या नाहीत. आणि त्यांनी तिला जनावर कधी म्हटले नव्हते.

लेक उठून उभी राहिली. “पुस्तकातली ही बाई खरी आहे का?”

बाई हसल्या. मान कलती झाली. “छान प्रश्न. ती मी आहे. ती तू आहेस. प्रत्येक स्त्रीच्या आत एक काळी स्त्री गाडलेली असते.”

“पण तुम्ही काळ्या नाही,” लेक म्हणाली.

थोडी कुजबुज झाली. पुढच्या रांगेतले सर अभिमानाने उठले. “मॅडम, ही आमची विद्यार्थिनी पलीकडचीच आहे.”

“वाटलंच मला,” बाई म्हणाल्या, आणि सगळ्या सभागृहाला हाताने लेक दाखवली. “बघा ना, तेच डोळे. तीच आग.”

पुन्हा टाळ्या पडल्या. लेक उभीच होती. काय करावे तिला कळेना. मावशीने तिचा हात धरून खाली बसवले.

कार्यक्रम संपल्यावर व्हरांड्यात चहाचे टेबल होते. बाईंभोवती मुलींचा घोळका होता, पुस्तकावर सह्या चालल्या होत्या. मावशी रांगेत उभी राहिली. पाळी आली तेव्हा बाईंनी वर न बघताच हात पुढे केला. “पुस्तक?”

“पुस्तक नाही आणलं.”

बाईंनी वर पाहिले. गोड हसल्या. “काही हरकत नाही. वाचलंत का? कशी वाटली तुम्हाला ती?”

ओळखले नव्हते. मावशी इतकी वर्षे मनात वेगवेगळी वाक्ये जुळवून आली असती तरी या एका गोष्टीची तयारी तिने केली नसती. जिचे पोट, जिची भूक, जिचे डोळे या बाईने पानेच्या पाने लिहिले होते, तिचा चेहरा तिला आठवत नव्हता.

“पावाचं मी सांगितलं होतं तुम्हाला,” मावशी म्हणाली. “शाळेच्या मैदानात. तंबूत.”

बाईंच्या हातातले पेन थांबले. मग त्यांचे डोळे भरून आले, खरेच भरून आले, आणि त्या उठून मावशीच्या गळ्यात पडल्या. अत्तराचा आणि चहाचा वास आला. ते जाड मणी मावशीच्या गळ्याशी रुतले. “कुठे होतीस तू,” बाई कानाशी म्हणाल्या. “किती शोधलं तुला.” मावशी हात खाली सोडून उभी राहिली. कुणीतरी फोटो काढत होते.

“तुम्ही म्हणाला होता, इथलं बाहेर जाणार नाही,” बाई बाजूला झाल्यावर ती म्हणाली.

“अगं, पण तुझं नाव कुठे आहे त्यात? नाव घेतलंय का मी?”

“रंग घेतलात.”

बाईंचा चेहरा किंचित आवळला. त्यांनी मुलींकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. “हे बघ, तू बोललीस म्हणून जगलीस. अन्न टिकत नव्हतं तुझ्या पोटात. ते विसरू नकोस.”

“नाही विसरले. तुम्ही मला म्हणाला होता, हलकं वाटणं म्हणजे मारणं नव्हे. ते वाक्य कुठे आहे पुस्तकात? मी लेकीला शोधायला लावलं. नाही सापडलं.”

मागची मुलगी पुस्तक पुढे करून उभीच होती. “कलेची गरज वेगळी असते,” बाई अखेर म्हणाल्या. “तुला आता नाही कळणार.” आणि त्यांनी त्या मुलीचे पुस्तक घेतले, नाव विचारले, आणि सही केली.

मायलेकी चालत घरी आल्या. नळाखाली मावशीने मान धुतली, जिथे मणी रुतले होते तिथे.

पुस्तक अभ्यासक्रमात राहिले. परीक्षेत नायिकेच्या आदिमतेवर टीप लिहायला आली. लेकीने लिहिले की तिला भूक लागली, कारण सकाळपासून ती घरातल्या आजारी माणसाचे करत होती आणि तिने काही खाल्ले नव्हते. तपासणाऱ्याने लाल शाईने तिरपी रेघ मारली आणि शेजारी लिहिले: विषयाला सोडून.

त्यानंतरच्या हिवाळ्यात शहराबाहेरच्या कपड्यांच्या कारखान्याला आग लागली. दवाखान्याचे बोळ भरले. धुलाईखात्यात गाठोड्यांचा ढीग छतापर्यंत गेला. पाठोपाठ मनाचे डॉक्टर आले, वहाणा वाजवत, गळ्यात ओळखपत्रे अडकवून. वॉर्डात त्यांनी खुर्च्या गोल मांडल्या. मावशी चादरी घेऊन तिथून गेली तेव्हा एक तरुण मुलगी एका बाईला म्हणत होती, “मोकळं व्हा. इथे सगळे आपलेच आहेत.” मावशीने पावले उचलली.

दुपारी तीच बाई धुलाईखात्याच्या दारात येऊन उभी राहिली. पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेले दोन्ही हात पुढे धरलेले, भुवया जळून गेलेल्या. ती त्या कारखान्यात शिलाईच्या मशीनवर होती.

“इथं बसू का थोडं?” तिने विचारले. “त्या बोल बोल म्हणून पाठीस लागल्यात.”

“बस.”

ती गाठोड्यांवर टेकली. मावशी चादरी वेगळ्या करत राहिली. बऱ्याच वेळाने बाई म्हणाली, “माझ्या शेजारच्या मशीनवर एक होती. दाराशी आम्ही दोघी...”

“मला नको सांगू,” मावशी म्हणाली.

ते तिच्या तोंडून फटकन गेले. कुणाचे ऐकणेच तिला नको झाले होते. ऐकलेले पोटात कुठे जाते, त्याचे काय होते, हे तिने पाहिले होते. पण बाईने मान खाली घातली, आणि मावशीला दिसले की तिचे ओठ मिटलेले असले तरी आत जबडा हलतो आहे, न गिळता येणारे काहीतरी तोंडात धरल्यासारखा.

मावशी उठली. कोपऱ्यातल्या सगळ्यांत मोठ्या मशीनपाशी गेली, त्यात एकही कपडा न टाकता झाकण लावले आणि बटण दाबले. मशीनचे रिकामे पिंप आधी डुगडुगले, मग फिरू लागले, मग असे गरजू लागले की खिडकीच्या काचा थरथरल्या. मावशीने परत येऊन बाईसमोर बैठक मारली आणि हाताने खूण केली. बोल.

बाई आधी समजली नाही. मग समजली. ती बोलू लागली. पहिल्यांदा तुटक, मग सलग, मग मान मागे टाकून, ओरडूनसुद्धा, पण त्या घरघराटात तिच्या तोंडाचा एक शब्द मावशीपर्यंत पोचला नाही. तिच्या ओठांकडे बघायला नको म्हणून मावशीने मांडीवर एक चादर घेतली आणि तिची शिवण तपासत बसली. अधूनमधून बाईचा पट्ट्यांतला हात तिच्या गुडघ्याला लागत होता. तो तिने लागू दिला.

मशीन थांबले तेव्हा बाईही थांबली होती. तिचा गळा बसला होता.

“ऐकलंत?” तिने विचारले.

“नाही.”

बाईने नाक ओढले आणि खांद्याने डोळे पुसले. मावशीने वाळलेल्या चादरींतली एक ओढून उलगडली आणि तिची दोन टोके बाईपुढे धरली. पट्ट्यांतून जेमतेम बाहेर आलेल्या बोटांच्या टोकांनी बाईने ती पकडली. दोघी मागे सरकल्या, चादर मध्ये ताणली गेली, आणि मग टोकाला टोक जुळवत त्या एकमेकींच्या दिशेने चालत आल्या.